एवढीशी टेकडी: मराठी मंडळाच्या सहल समितीस आणि सर्व सभासदांस खुले पत्र

सप्रेम नमस्कार,

पुढच्या वर्षीच्या सहलीचा आराखडा परवाच्या बैठकीत वाचून दाखवला. त्यात सू फॉल्सचा धबधबा आहे, बॅडलँड्स आहे, माऊंट रशमोर आहे. जेवायला कुठे आणि किती वेळ थांबायचं तेही ठरलं आहे. शेवटी एक ओळ होती : 'व्हर्मिलियनजवळच्या टेकडीचा थांबा वगळावा, तिथे पाहण्यासारखे काही नाही.' कुणी हरकत घेतली नाही. मीही गप्प बसले. गेल्या जूनमध्ये तो थांबा मीच सुचवला होता, आणि आपल्याच सूचनेसाठी आपणच भांडावं हे बरं दिसत नाही असं त्या क्षणी वाटलं. घरी आल्यावर मात्र चैन पडेना. म्हणून हे पत्र.

आधी त्या दिवशी काय झालं ते सांगते, कारण जे आले नव्हते त्यांच्यापर्यंत फक्त 'वेळ फुकट गेला' एवढंच पोचलं आहे.

ओमाहाहून सकाळी निघालेली आपली बस दोन-सव्वादोन तासांनी साउथ डकोटातल्या व्हर्मिलियनला पोचली. गावातून उत्तरेला १९ नंबरच्या रस्त्याने सहा मैल गेलं की डाव्या-उजव्या मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांमध्ये एक गवताळ उंचवटा दिसतो. तीच स्पिरिट माऊंड. बस थांबली. निम्मी मंडळी खाली उतरलीच नाहीत. काचेतून बघून कुणीतरी म्हणालं, 'एवढीशीच? आपली पर्वतीसुद्धा हिच्यापेक्षा उंच.' जे उतरले त्यांच्यातले बरेचसे माहितीचा फलक आणि फोटो एवढ्यावर परत फिरले. मुलं वाट सोडून गवतात धावली, येताना मूठ-मूठ जांभळी फुलं घेऊन आली. माथ्यापर्यंत गेलेल्या घोळक्यात स्पीकरवर गाणी चालू होती. चाळीस मिनिटांत आपण परत रस्त्याला लागलो.

यात मुलांची काही चूक नाही. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. सांगायला हवं होतं मी, बस सुटल्यापासून दोन तास हातात असताना. ते राहून गेलेलं सांगणं आता इथे लिहिते आहे.

टेकडी लहान आहे हे अगदी खरं. भोवतालच्या सपाटीपासून जेमतेम शंभर फूट. पायथ्यापासून माथ्यापर्यंतची वाट पाऊण मैलाची, जाऊन-येऊन दीड मैल. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाने हिला टेकाडच म्हणावं. पण सपाट मुलखात उंचीचा हिशेब वेगळा असतो. जिथे नजर कुठेच अडत नाही तिथे शंभर फूटही मैलोगणती दिसतात. या भागात राहणाऱ्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची नजर शेकडो वर्षं या एका उंचवट्यावर येऊन टेकली आहे. डोंगरांच्या गर्दीत राहणाऱ्या आपल्याला असं एकट्या टेकडीचं मोल चटकन कळत नाही.

ती तिथे का आहे, तेही मजेदार आहे. हा माणसांनी रचलेला ढिगारा नव्हे. खाली नायोब्रारा चॉक नावाचा मऊ, चुनखडीच्या जातीचा खडक आहे. क्रेटेशियस काळात, डायनोसॉर होते तेव्हा, अमेरिकेचा हा मधला पट्टा समुद्राखाली होता. त्या समुद्राच्या तळाशी साचून हा खडक झाला. पुढे हिमयुगात उत्तरेकडून बर्फाचे प्रचंड थर सरकत आले. त्यांनी आजूबाजूचं सगळं घासून, खरवडून सपाट केलं. हा एक गड्डा मात्र टिकला, फक्त त्याच्या कडा गुळगुळीत झाल्या. पायऱ्यापायऱ्यांचा काळा बेसॉल्ट बघत वाढलेल्या आपल्या डोळ्यांना ही गोलाई अनोळखी वाटते.

आता गोष्टीकडे येते. १८०३ साली अमेरिकेने फ्रान्सकडून मिसिसिपीच्या पश्चिमेचा मोठा मुलूख विकत घेतला, आणि राष्ट्राध्यक्ष जेफरसनने त्याची पाहणी करायला मेरिवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क यांना पाठवलं. ज्यांच्या राहत्या जमिनीचा हा सौदा झाला त्यांना कुणी विचारलं नव्हतं. १८०४ च्या मे महिन्यात ही तुकडी मिसुरी नदीतून उलट्या प्रवाहाने निघाली. २० ऑगस्टला त्यांचा सार्जंट चार्ल्स फ्लॉइड पोटाच्या दुखण्याने वारला. त्या सगळ्या मोहिमेत मेलेला तो एकटाच. सू सिटीजवळ आपल्या बसमधून नदीकाठच्या उंचवट्यावर एक शंभर फुटी दगडी स्तंभ दिसला होता, तो त्याचाच. कुणीतरी विचारलंही होतं, 'हे काय आहे?' आणि उत्तर न मिळता बस पुढे गेली.

सोबत्याला पुरून पाच दिवस झाले होते. नदीकाठच्या लोकांकडून त्यांनी ऐकलं, की उत्तरेला सपाटीत एक टेकडी आहे आणि तिच्यावर अठरा इंच उंचीची, मोठाल्या डोक्यांची माणसं राहतात. त्यांच्याकडे अणकुचीदार बाण असतात, नेम चुकत नाही, आणि जवळ येईल त्याला ती मारतात. क्लार्कने रोजनिशीत नोंद केली आहे, की ओमाहा, ओटो आणि सू या सगळ्या मूळ रहिवासी लोकांचा यावर इतका विश्वास आहे की काहीही देऊ केलं तरी ते टेकडीजवळ जायला तयार होत नाहीत. सू म्हणजे डाकोटा आणि लाकोटा. त्यांच्या भाषेत टेकडीचं नाव पाहा वाकान. पाहा म्हणजे टेकडी, वाकान म्हणजे पवित्र, गूढ, माणसाच्या आवाक्यापलीकडचं.

हे ऐकून आपल्यापैकी कुणी हसू नये अशी माझी मनापासून विनंती आहे. वेताळाच्या टेकडीवर अमावास्येच्या रात्री न जाणारी माणसं आपल्याच घरात होऊन गेली. विहिरीवर साती आसरा असतात म्हणून तिन्हीसांजेला तिकडे फिरकू न देणारी आजी आपल्यातल्या निम्म्या जणांना होती. गावाबाहेरच्या उंचवट्यावर म्हसोबाचा शेंदूर फासलेला दगड असतोच. व्हर्मिलियन या गावाच्या नावाचा अर्थही शेंदरी, हे कळलं तेव्हा मी क्षणभर थबकले होते. ही टेकडी खरं तर आपल्याला कुणी समजावून सांगावी लागू नये.

२५ ऑगस्ट १८०४. लुईस आणि क्लार्क निवडक माणसं घेऊन नदीवरून निघाले. टेकडी सुमारे नऊ मैल. ऊन मी म्हणत होतं, सावलीला झाड नव्हतं. लुईसचा मोठ्या केसाळ जातीचा कुत्रा उन्हाने इतका थकला की त्याला ओढ्याकडे परत पाठवावं लागलं. खुद्द लुईस काही दिवसांपूर्वी एका खनिजाची तपासणी करताना आजारी पडला होता, तोही गळून गेला. दुपारी बाराला ते पायथ्याशी पोचले. वर गेले तेव्हा छोटी माणसं दिसली नाहीत. दिसलं ते असं : चारी दिशांना न संपणारं गवत आणि त्यात चरणारे बायसन आणि एल्क हरणांचे कळप. एका नजरेत आठशेहून जास्त जनावरं, असा क्लार्कचा अंदाज आहे. इतका सुंदर देखावा, असं त्याने लिहिलं आहे, आणि क्लार्क हा काही शब्दांची उधळण करणारा माणूस नव्हता.

मला सगळ्यात आवडते ती त्याची पाखरांची नोंद. टेकडीभोवती पक्ष्यांचे थवे जमतात आणि ही अद्भुत शक्तींची खूण आहे, असं लोकांनी त्याला सांगितलं होतं. थवे खरंच होते. छोट्या तपकिरी पाकोळ्यांसारखे पक्षी घिरट्या घालत होते, माणसं काही फुटांवर येईपर्यंत हलतही नव्हते. क्लार्कने थांबून नीट पाहिलं. वारा उघड्या मैदानावरून जोरात येतो आणि या एकट्या टेकडीवर आदळतो. वाऱ्याबरोबर वाहत आलेले किडे आडोशाच्या बाजूला जमतात, आणि किडे खायला पक्षी येतात. दोनशेहून अधिक वर्षांपूर्वीचं हे निरीक्षण आजही माथ्यावर उभं राहून पडताळून पाहता येतं. आपण पडताळलं नाही, कारण स्पीकर चालू होता.

त्याने कारण शोधलं म्हणून त्या लोकांचं म्हणणं खोटं ठरलं असं मला वाटत नाही. थवे त्यांनीही पाहिले होते, त्याच्या कितीतरी पिढ्या आधीपासून, आणि ही जागा इतर जागांसारखी नाही हे ओळखलं होतं. दोन्ही पाहणीच. एकाने ती लिहून ठेवली, दुसऱ्यांनी तिथे पाय न ठेवून जपली.

त्या चढाईतला एक माणूस फलकावरच्या नावांमध्ये सहज नजरेतून सुटतो. यॉर्क. क्लार्कचा गुलाम, लहानपणापासून त्याच्याबरोबर वाढलेला. त्या दिवशीच्या नोंदीत क्लार्क लिहितो, की माझा नोकर उन्हाने, तहानेने आणि थकव्याने जवळजवळ कोलमडला, कारण तो लठ्ठ आहे आणि माझ्या वेगाने चालायची त्याला सवय नाही. नोकर हा शब्द क्लार्कचा. यॉर्कला 'मी येत नाही' म्हणायची सोय नव्हती. तो मिसुरीच्या उगमापर्यंत, रॉकी पर्वत ओलांडून प्रशांत महासागरापर्यंत गेला आणि परत आला. मोहीम संपल्यावर अमेरिकेच्या संसदेने साध्या शिपायांनाही दुप्पट पगार आणि प्रत्येकी ३२० एकर जमीन दिली. यॉर्कला काहीच मिळालं नाही. त्याचं स्वातंत्र्यही पुढे कितीतरी वर्षं मिळालं नाही.

आज टेकडीभोवती राखलेलं गवताळ रान किती आहे, माहीत आहे? बरोबर ३२० एकर. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून मला काही सिद्ध करायचं नाही. पण ती पाऊण मैलाची वाट चढताना दम लागला की मला दर वेळी यॉर्क आठवतो, आणि मी माझ्या वेगाने चालते आहे याची जाणीव होते. कुणालाही घाई करू नका, एवढं तरी त्याच्यासाठी करता येईल.

पुढचं थोडक्यात. १८५८ च्या करारात यँक्टन डाकोटांना हा मुलूख सोडावा लागला. लगेच पुढच्या वर्षी व्हर्मिलियन गाव वसलं. पाठोपाठ शेतकरी आले, नांगर लागला. टेकडीच्या अंगावर गुरं चरू लागली, पायथ्याशी घर, गोठे आणि गुरं पोसायचं आवार उभं राहिलं, कुणी सावलीसाठी झाडं लावली. १९७४ साली टेकडीचं नाव राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत लागलं, पण जागा होती तशीच राहिली. दाव्यातल्या गुरांमधून वाट काढत इतिहास बघायला कोण जाणार?

१९८६ मध्ये स्थानिक लोकांनी एकत्र येऊन स्पिरिट माऊंड ट्रस्ट स्थापन केला. पंधरा वर्षं त्यांनी पाठपुरावा केला. २००१ मध्ये जमीन विकत घेतली गेली आणि मग जे झालं ते मला विलक्षण वाटतं. त्यांनी तिथे काहीच बांधलं नाही. उलट होतं ते काढलं. गोठे गेले, आवार गेलं, झाडंसुद्धा काढली. आणि गवत पेरलं. मूळचं, उंच वाढणारं गवत आणि त्याच्यासोबतची रानफुलं. आता ठरावीक काळाने ते रान मुद्दाम जाळतात, माहितगार माणसं उभी राहून, वारा बघून. कारण प्रेअरी, म्हणजे इथलं गवताळ मैदान, आगीवर जगते. आग लागली नाही तर झुडपं आणि झाडं शिरतात आणि गवत मरतं. राज्याचं वन्यजीव आणि उद्यान खातं आता ही जागा सांभाळतं.

झाडं काढून गवत लावलं, हे मी सहलीआधी एका सभासदांना सांगितलं तेव्हा त्यांनी चमकून पाहिलं होतं. मला त्यांचं आश्चर्य कळतं. आपल्याला लहानपणापासून शिकवलंय की झाडं लावणं पुण्य आणि उघडा माळ म्हणजे पडीक. सरकारी कागदावरही आपल्याकडे माळरानं पडीक म्हणूनच नोंदली गेली. माळढोक याच पडीक जागेत राहत होता, लांडगा राहतो, धनगरांची मेंढरं चरतात. सोलापुरात नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य केलं, पण तोवर फार उशीर झाला होता. इथेही तेच झालं. उत्तर अमेरिकेतली उंच गवताची प्रेअरी एकेकाळी सुमारे १७ कोटी एकरांवर होती, आज तिच्यातली चार टक्केसुद्धा उरलेली नाही. मातीच इतकी सुपीक होती की सगळी नांगराखाली गेली. ती सुपीक केली होती गवताच्या मुळांनीच.

मुळं या रानाचा सगळ्यात मोठा भाग आहेत, आणि ती दिसत नाहीत. बिग ब्लूस्टेम नावाचं इथलं मुख्य गवत उन्हाळ्याच्या शेवटापर्यंत सहा-सात फूट वाढतं, आणि मुळं त्याहून खोल जातात, आठ-दहा फूट. माथ्यावर उभं राहून आपण जे बघतो ते निम्म्याहून कमी असतं.

आता त्या दिवशीची एक गोष्ट, जी बसमध्ये बसून राहिलेल्यांना माहीत नाही.

आपल्या एका सभासदांच्या आई तेव्हा भारतातून आल्या होत्या. माण तालुक्यातल्या, सत्तरी ओलांडलेल्या. 'तुम्ही बसमध्येच थांबा' असं सगळे म्हणत असताना त्या खाली उतरल्या आणि पदर खोचून चालू लागल्या. मी त्यांच्यासोबत होते. त्या फलकाजवळ थांबल्या नाहीत. वाटेच्या कडेचं गवत त्यांनी दोन बोटांत धरलं, पातं चोळलं, वास घेतला आणि म्हणाल्या, 'हे आमच्या पवन्यासारखं लागतंय. गुरांना फार गोड असंल.' थोडं पुढे दुसरं गवत. 'हे ज्वारीच्या घरातलं दिसतंय बघ.'

मी तेव्हा नुसतं 'हो का' म्हटलं. घरी येऊन पुस्तकं चाळली आणि थक्क झाले. बिग ब्लूस्टेम, आपला पवन्या, मारवेल, कुसळी, ऊस, मका, ज्वारी ही सगळी वनस्पतिशास्त्रात एकाच गोतावळ्यातली. आणि इथल्या ज्या दुसऱ्या उंच गवताला इंडियन ग्रास म्हणतात त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थच मुळी 'ज्वारीसारखं' असा आहे. शाळेची पायरी न चढलेल्या बाईने पातं चोळून जे ओळखलं त्याला मला दोन संध्याकाळी लागल्या. आपली मंडळी काचेतून म्हणत होती, नुसतं गवत तर आहे.

त्या माथ्यापर्यंत आल्या. शेवटचा चढ जरा अंगावर येतो, तिथे दोनदा टेकल्या. वर पोचल्यावर चपला काढून बाजूला ठेवल्या आणि मला विचारलं, 'इथला देव कोणता?'

मला उत्तर देता आलं नाही. 'इथले लोक ही जागा पवित्र मानतात' असं काहीतरी मी म्हटलं. त्यांनी चारी बाजूंना बघून हात जोडले आणि विचारलं, 'ते लोक कुठंयत मग?'

समितीतल्या मंडळींनो, या प्रश्नाचं उत्तर आपल्याला तोंडपाठ असायला हवं. आपण ज्या शहरात घरं घेतली, मुलं वाढवली, त्याचं नाव त्यांच्यातल्या एका लोकांचं आहे. ओमाहा. क्लार्कने 'माहा' लिहिलं तेच हे लोक. त्यांची राखीव जमीन नेब्रास्काच्या ईशान्य भागात मिसुरीकाठी आहे. आपली बस नदीच्या पलीकडून, आयोवाच्या बाजूने, तिच्या समोरून गेली. यँक्टन लोकांची राखीव जमीन व्हर्मिलियनच्या पश्चिमेला आहे. ते कुठेही गेलेले नाहीत. आपणच त्यांच्या समोरून बघितल्यावाचून गेलो. गणपतीत आपण दर वर्षी भाषणात म्हणतो की परमुलखात आपली मुळं विसरू नका. ज्या मुलखात आलो त्याचीही मुळं आपल्याला ठाऊक हवीत, असं मला कळकळीने वाटतं.

म्हणून माझं मागणं. हा थांबा वगळू नका. आणि सहलीतला चाळीस मिनिटांचा थांबा म्हणूनही ठेवू नका. तसा ठेवायचा तर खरंच वगळलेला बरा. एक सकाळ फक्त याच टेकडीसाठी द्या. ओमाहाहून पहाटे निघालं तर दुपारच्या जेवणाला घरी परत येता येतं. सू सिटीतली मंडळी पाऊण तासात येतील, सू फॉल्सची तासाभरात.

कधी जायचं याचाही विचार करून ठेवला आहे. जूनमध्ये फुलं असतात आणि पक्षी असतात. बोबोलिंक नावाचा काळा-पांढरा पक्षी, डोक्यामागे पिवळसर साईच्या रंगाचा ठिपका असलेला, पार दक्षिण अमेरिकेतून इथल्या गवतात घरटं करायला येतो. डिकसिसल येतो, पिवळ्या छातीवर काळी खूण असलेला. बोबोलिंक जमिनीवर, गवताच्या बुडाशी घरटं करतो, डिकसिसल दाट गवतात जमिनीपासून थोडं वर. वाट सोडायची नाही ती यासाठी. आपली मुलं धावली तिथे घरटी असतील तर काय झालं असेल, याचा विचार मला अजून छळतो. आणि ती जांभळी फुलं, पाकळ्या खाली लोंबणारी, ज्यांचं मूळ इथले लोक दातदुखीवर आणि सर्पदंशावर वापरत आले, ती आपल्या बसच्या जाळीत दुपारपर्यंत सुकून गेली होती. मुलांना हे आधी सांगितलं तर ती तोडणार नाहीत. मुलं ऐकतात, सांगणारं कुणी असलं तर.

ऑगस्टच्या शेवटी गेलो तर गवत पूर्ण वाढलेलं असतं, ब्लूस्टेमला कोंबडीच्या पायासारखे तीन बोटांचे तुरे येतात, आणि तारीखही लुईस-क्लार्कच्या जवळची मिळते. फक्त ऊन तेच, त्यांना लागलं तेच. वाटेवर सावली नाही. पाणी भरपूर हवं, टोप्या हव्यात, सकाळी आठच्या आत पायथ्याशी असायला हवं. बूट आणि लांब पायजमे घाला, गवतातून गोचीड चढते, घरी गेल्यावर मुलांचे पाय आणि माना तपासा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी निम्म्या वाटेवर थांबलं तरी चालेल, तिथूनही मैदान दिसतं. क्लार्कच्या तुकडीला परतीच्या वाटेवर ओढ्याकाठी द्राक्षं आणि दोन प्रकारची रानआलुबुखारं मिळाली होती. आपल्याला मिळणार नाहीत, तेव्हा खाणं घरून. मी साठ भाकऱ्या आणि ठेचा आणीन, हे लिहून देते. पण खाणं खाली, गाडीजवळ. वर काही न्यायचं नाही, पाण्याखेरीज.

माथ्यावर पंधरा मिनिटं कुणीही बोलायचं नाही, ही माझी एकच अट. आडोशाच्या बाजूला उभं राहायचं आणि पाखरं येतात का बघायचं. उत्तरेला आता बायसन नाहीत, मक्याच्या ओळी आहेत, वारा मात्र तोच आहे. तरी पायाखालचे ३२० एकर आपण कल्पनेने वाढवत नेऊ शकतो, दिसेल तिथवर. दहा-बारा वर्षांच्या मुलांना हे मोठ्यांपेक्षा चांगलं जमतं असा माझा अनुभव आहे.

बसमध्ये जाताना मी अर्धा तास बोलेन. फ्लॉइडचा स्तंभ येईल तेव्हा फ्लॉइडबद्दल, नदीपलीकडे ओमाहा लोकांची जमीन येईल तेव्हा त्यांच्याबद्दल. यॉर्कबद्दल मुलांपैकी कुणीतरी वाचून यावं. त्यांच्यातलंच कुणी बोललं तर बाकीची ऐकतील.

दहा माणसं आली तरी मला पुरेत. समितीने अधिकृत सहल म्हणून मान्यता दिली तर आनंद आहे, नाही दिली तर आपापल्या गाड्या काढू. पण 'तिथे पाहण्यासारखे काही नाही' ही ओळ मंडळाच्या कागदपत्रांत राहू नये. पुढे कुणी नवीन कुटुंब इथे येईल, जुने आराखडे चाळेल आणि ती ओळ वाचून टेकडीच्या समोरून निघून जाईल. ती ओळ खोडावी अशी माझी लेखी विनंती आहे आणि पुढच्या बैठकीत मी ती तोंडीही करणार आहे.

माणच्या त्या आजी जुलैमध्ये परत गेल्या. गेल्या रविवारी त्यांच्या मुलाकडे फोनवर भेटल्या. तिकडे पाऊस कसा आहे, इकडे उन्हाळा कसा आहे, असं सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं, 'आणि तुमच्या त्या टेकडीवरलं गवत? निसवलं का?'

शनिवारी जाऊन बघते आणि कळवते, असं मी त्यांना सांगितलं आहे. गाडीत तीन जागा रिकाम्या आहेत.

आपली नम्र,
मंडळाची एक सभासद